ओल कुठे हवी, कुठे नको

कापूरबावडीहून निघालेला जुना आग्रा रस्ता बाळकुम नाका ओलांडतो आणि कशेळीच्या पुलावर चढताना खाली खाडी दिसते. बाळकुम हे या खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. कोलशेत रस्त्यावरचे रासायनिक कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आले, रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रोचा मार्ग आला, गावठाणातल्या कौलांच्या जागी स्लॅब पडले. हवा मात्र खाडीचीच राहिली. जून लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, रव्यात जाळी धरते, पापड वातड होतात आणि लोखंडी तव्यावर एका रात्रीत तांबूस पूट चढतं. याच हवेत, संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या गर्दीतून आणि कापूरबावडीच्या कोंडीतून घरी पोचलेल्या माणसाला तासाभरात चौघांचं जेवण उभं करायचं असतं.

रोजचा स्वयंपाक सोपा कसा करायचा, असं विचारलं की बहुतेक जण झटपट पाककृती सांगू लागतात. पाककृती तर सगळ्यांना येतात. वरण-भात, भाकरी, एखादी भाजी, हे कुणी नव्याने शिकायचं नसतं. वेळ जातो तो डाळ शिजत नाही म्हणून, भाकरी तव्याला चिकटते म्हणून, कुकरची वाफ बाजूने निसटते म्हणून. या तक्रारी जरा उलगडून पाहिल्या तर बहुतेकींच्या मुळाशी पाणी सापडतं. ते एक तर नको तिथे शिरलेलं असतं, नाहीतर हवं तिथे पोचलेलं नसतं. बाळकुमसारख्या जागी स्वयंपाकघराची निगा म्हणजे मुख्यतः या पाण्याची राखण आहे, असं मला वाटतं.

मिठापासून सुरुवात करू, कारण त्याचं वागणं कळलं की बाकीच्या डब्यांचंही कळतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. पावसाळ्यात इथली हवा दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे उघडं मीठ पाझरणारच. खडेमीठ त्याहून लवकर पाझरतं. मिठागरात खारं पाणी आटवताना त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहून जातं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं. म्हणून मीठ चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावं. स्टीलच्या डब्यातही ओलं मीठ डबा खातं, त्याला खड्डे पाडतं. बरणीत तांदळाचे दाणे टाकायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते दाणे आधी कोरडे भाजून घ्यावेत. कच्च्या दाण्यात आधीचीच ओल असते, तो आणखी किती शोषणार? सगळ्यात मोठी चूक मात्र बरणीची नसते. उकळत्या आमटीवर बरणी धरून चमच्याने मीठ घालायचं, ही आपली सवय. वाफ सरळ बरणीत जाते. आधी चमचा भरावा, झाकण लावावं, मग भांड्याकडे वळावं.

हीच वाफ तिखटाच्या, हळदीच्या, बेसनाच्या डब्यांत शिरते. मिसळणाचा डबा शेगडीला लागून ठेवणं सोयीचं असतं खरं, पण पावसाळ्यापुरता तो दोन हात लांब सरकवला आणि त्यात आठवड्याला पुरेल इतकंच काढलं, तर मसाल्याच्या गुठळ्या होत नाहीत.

तुरीच्या डाळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण न शिजणारी डाळ हे रोजच्या उशिराचं मोठं कारण आहे. दोष आपण दुकानदाराला देतो किंवा पाण्याला देतो. पुष्कळदा दोष आपल्या डब्याचा असतो. डाळी-कडधान्यं उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिली की त्यांच्या आत एक बदल होतो. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन असतं. ताज्या दाण्यात ते शिजताना सुटतं आणि दाणा मऊ होतो. ओल-उष्म्यात राहिलेल्या दाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होऊन या पेक्टिनला बांधून टाकतं. मग कितीही शिट्ट्या करा, डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. एकदा झालेला हा बदल उलटवता येत नाही. म्हणून वर्षाचं धान्य भरण्याची जुनी पद्धत देशावरच्या कोरड्या हवेत शोभते. खाडीकाठच्या दोन खोल्यांत डाळ महिन्याची आणावी आणि शेगडीच्या वरच्या कपाटात तर मुळीच ठेवू नये. ते कपाट घरातलं सगळ्यात गरम आणि सगळ्यात दमट कपाट असतं, आणि आपण नेमकं तिथेच धान्य भरतो.

डाळ जुनी निघालीच तर दोन गोष्टी करता येतात. एक, ती कोमट पाण्यात तासभर भिजवावी. हरभरे, वाटाणे, कडवे वाल यांसारखी अख्खी कडधान्यं रात्रभर भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घालावं. मिठातलं सोडियम पेक्टिनला बांधणाऱ्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, हा समज चुकीचा आहे. दुसरी गोष्ट आंबटाची. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आम्लाने पेक्टिन सुटायला उशीर होतो, म्हणून डाळ आधी पूर्ण शिजू द्यावी आणि आमसूल मग फोडणीत किंवा उकळीत घालावं. सोड्याची चिमूट घातली तर दाणा लवकर मऊ होतो हे खरं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजच्या जेवणात तो सोपा मार्ग मला पटत नाही.

धान्यातल्या किड्यांचाही ओलीशी संबंध आहे. तांदळातला सोंड्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणून दुकानातून आणलेला तांदूळ स्वच्छ दिसतो आणि महिन्याभरात डब्यात किडे फिरू लागतात. ते बाहेरून आलेले नसतात, दाण्यातच आलेले असतात. कोरड्या दाण्यात त्यांची वाढ मंदावते, दमट दाण्यात भराभर होते. छोट्या कुटुंबाला एक सोपा उपाय आहे: रवा, मैदा, बेसन, शेवया यांची पिशवी आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवावी, मग बाहेर काढून पूर्ण सामान्य तापमानाला येऊ द्यावी आणि नंतरच उघडावी. थंड पिशवी लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतलं पाणी पिठावरच जमतं. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर रवा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून भरावा. भाजण्याने अंडी मरतात आणि ओलही जाते, शिवाय सकाळी उपमा करताना तेवढा वेळ वाचतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, हे जुने उपाय निर्धोक आहेत. बोरिक पावडर मात्र काही घरांत अजून तांदळाला चोळतात, ते थांबवायला हवं. ते विष आहे आणि धुऊन पूर्ण जाईलच याची खात्री नसते.

आता जिथे पाणी हवं तिकडे वळू. कुकर हे ठाण्याला खास जवळचं भांडं आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या हॉकिन्स कंपनीचा कारखाना इथेच, वागळे इस्टेटमध्ये. कुकरचं काम एका वाक्यात सांगता येतं. बंद भांड्यात वाफ कोंडली की आतला दाब बाहेरच्या हवेहून चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोने वाढतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. बस्स, इतकंच. शिटी म्हणजे दाब ठरलेल्या पातळीला पोचला याची खूण. त्यानंतर गॅस मोठा ठेवून आतलं तापमान एक अंशानेही वाढत नाही. जादा आच नुसती वाफ बनून खिडकीबाहेर जाते आणि कुकरच्या तळाचं पाणी आटतं. म्हणून पहिली शिटी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ पाहावं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजणं जास्त खात्रीचं, कारण मोठ्या आचेवरच्या पाच शिट्ट्या आणि बारीक आचेवरच्या पाच शिट्ट्या यांत वेळेचा बराच फरक असतो. भिजलेली तूरडाळ आणि तांदूळ एकाच कुकरमध्ये, डब्यावर डबा ठेवून, पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर दहा-बारा मिनिटांत होतात. तळाला दीड-दोन वाट्या पाणी हवंच. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. त्या वेळातही अन्न शिजतच असतं.

कुकरची निगा फार नाही, पण जी आहे ती चुकवू नये. झाकणाच्या नळीतून रोज उजेडाकडे धरून पाहावं. डाळीचा फेस तिथे वाळून बसला की शिटी होत नाही, दाब वाढत राहतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो, तो तुम्हाला वाचवण्यासाठी वितळतो. तो उडाला तर नवा त्याच कंपनीचाच बसवावा, रस्त्यावरचा स्वस्त व्हॉल्व्ह कधीही नको. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. रबरी रिंग काढून धुवावी, पुसून कोरडी करावी आणि झाकणात न अडकवता सैल टांगून ठेवावी. कायम ताणलेली रिंग लवकर सैल होते. वाफ बाजूने निसटू लागली की ती बदलायची वेळ झाली. गाठी मारून, गार पाण्यात घालून तिला आणखी महिना ओढायचा, यात गॅसचे पैसे रिंगेच्या किमतीहून जास्त जातात.

बाळकुमच्या गावठाणात संध्याकाळी तांदळाच्या भाकरीचा वास येतो. नव्या इमारतींमधल्या पुष्कळ घरांना ही भाकरी अवघड वाटते, कारण ते तिला ज्वारी-बाजरीसारखं किंवा कणकेसारखं मळायला जातात. गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला ताण देतं. तांदळात ते नाही. तिथे पीठ धरून ठेवायचं काम पिष्टाला, म्हणजे स्टार्चला करावं लागतं, आणि स्टार्च गार पाण्यात ते करत नाही. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात त्याचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. म्हणून उकड काढायची. वाटीभर पाण्याला उकळी आणावी, मीठ आणि थेंबभर तेल घालावं, वाटीभर पीठ एकदम टाकून उलथन्याच्या दांड्याने हलवावं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ द्यावी आणि गरम असतानाच हाताला पाणी लावून मळावं. वाटीला वाटी, हे प्रमाण लक्षात राहतं. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाला मराठी घरात जी प्रतिष्ठा दिली, ती अशा ठिकाणी किती उपयोगी आहे ते कळतं. पीठ मात्र ताजं हवं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी उकड काढूनही कडेला चिरते. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, पंधरवड्यापुरताच दळून आणावा. आपल्या जिल्ह्याशेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो भातासाठी राखावा. भाकरीला जाडा, स्वस्त तांदूळ अधिक चांगला असतो.

तव्यावर टाकल्यावर भाकरीच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, तेही शोभेसाठी नाही. वरचा पापुद्रा लगेच वाळून कडक झाला तर त्याला चिरा पडतात आणि आतली वाफ निसटते. ओलसर पापुद्रा ताणला जातो, मग आच दाखवली की भाकरी टम्म फुगते.

पिठल्याचा नियम उकडीच्या नेमका उलटा आहे, आणि कारण तेच आहे. बेसन उकळत्या पाण्यात टाकलं तर प्रत्येक गोळ्याची बाहेरची बाजू क्षणात फुगून चिकट होते, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळी बनते. म्हणून बेसन आधी गार पाण्यात कालवायचं आणि ते पातळ पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडत हलवत राहायचं. भाकरीला गरम पाणी, पिठल्याला गार पाणी. हे एकदा समजलं की धिरडी, थालीपीठ, खीर, आमटीला लावायचं पीठ, सगळ्यांत कुठलं पाणी घ्यायचं ते न विचारता कळतं. कांदा, लसूण, हिरवी मिरची, हिंग-हळदीची फोडणी, आणि पंधरा मिनिटांत पिठलं. उशिरा आलेल्या माणसाला याहून चांगलं जेवण कुठलं, मला सांगता येणार नाही.

भाकरीचा तवा बिडाचा किंवा लोखंडी असतो आणि त्याला पाण्याचं वावडं आहे. नव्या तव्यावर अन्न चिकटतं. वापरात मुरलेल्या तव्यावर चिकटत नाही. या मुरण्यात काही गूढ नाही. तेलाचा पातळ थर तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, काळी, गुळगुळीत पुटं तयार होतात. तवा तारेच्या घासणीने चकाकेपर्यंत घासणं म्हणजे महिन्याभराची ती कमाई काढून टाकणं. गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसावा, फार चिकट असेल तर जाडं मीठ टाकून कापडाने चोळावा, पुन्हा आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवून उभा ठेवावा. पावसाळ्यात हे एक मिनिट सोडलं तर सकाळी गंज. चिंच-आमसुलाचं काही अशा तव्यावर किंवा कढईत शिजवू नये. आम्ल हा थर खातं आणि भाजीला लोखंडाचा काळसर रंग व चव येते. नॉनस्टिक तव्याचं उलटं आहे. त्याला गंजाची भीती नाही, पण रिकामा मोठ्या आचेवर विसरला आणि २६० अंशांच्या पुढे गेला की त्याचा लेप बिघडू लागतो. भाकरीला लागणारी आच त्याला सोसत नाही, म्हणून भाकरी त्याच्यावर करूच नये.

पितळेची-तांब्याची भांडी पुन्हा घरोघर येऊ लागली आहेत. त्यांत आंबट शिजवायचं तर कल्हई हवी. कल्हई म्हणजे कथलाचा थर आणि कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवून फोडणीला वापरू नये. तांब्याचा रंग आतून दिसू लागला की आंबट पदार्थ बंद. कल्हईवाले आता सहज मिळत नाहीत. मिळेल तेव्हा सगळी भांडी एकदम करून घ्यावीत.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी लागते आणि बाजारात ताजी मासळी कमी होते. तोपर्यंत आगरी-कोळी घरांतलं साठवणीचं काम उरकलेलं असतं. सोडे, जवळा, करंदी, बोंबील, वाकट्या. आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून डंकावर कुटून आणलेला वर्षाचा मसाला, ज्यात रंगाला बेडगी आणि तिखटाला संकेश्वरी-लवंगी. या साठवणीमागचा विचार साधा आहे: जिवाणू आणि बुरशी यांना मोकळं पाणी लागतं, ते काढून घ्या किंवा मिठात बांधून टाका. सुकी मासळी मे संपायच्या आत पुन्हा एक कडक ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर कागद घातलेल्या घट्ट डब्यात भरतात. जवळा तर तव्यावर कोरडा भाजून ठेवला की पावसात कधीही दहा मिनिटांत चटणी होते: कांदा-लसूण परतून, मसाला, धुतलेला जवळा, वर दोन आमसुलं. मासळीवर पांढुरकी किंवा हिरवी बुरशी दिसली तर धुऊन खायचा मोह टाळावा, ती फेकावी. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे, तोंडाला कापडाचा दादरा आणि वर झाकण. लोणचं आणि मसाला, दोन्हींचा नाश बहुतेक वेळा एका ओल्या चमच्याने होतो.

पाऊस लागला की शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया ठाण्या-कल्याणच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी यांना काही शिकावं लागत नाही. कोवळी पानं, कांदा, थोडी भिजलेली मूगडाळ, ओलं खोबरं. शेवळं मात्र जपून करावीत. त्यांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो. त्या बाया शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं देतात, ती घ्यावीतच, आणि साफ कसं करायचं तेही त्यांनाच विचारावं. पालेभाजी घरी आणल्यावर लगेच धुऊन फ्रीजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी चिकट होते. निवडून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी, धुवावी शिजवताना.

उरलेल्या भाताबाबत जरा कडक व्हावं लागेल. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि हे विष सकाळच्या फोडणीनेही जात नाही. जेवण झाल्यावर तासाभरात भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये जावा. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. असा गार झालेला भात फोडणीला जास्त मोकळाही होतो. पावसात वीज गेली तर फ्रीज उघडू नये. दार बंद राहिलं तर आतलं सुमारे चार तास टिकतं.

गॅसचं थोडक्यात. टॉवरमध्ये नळाचा गॅस आहे, गावठाणात बहुधा सिलिंडर, आणि दोन्हींचे स्वभाव वेगळे. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन, तो हवेहून हलका, वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. वास आला तर दोन्हीकडे खिडक्या उघडाव्यात, झडप बंद करावी आणि विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नये. पण सिलिंडर असेल तर दारही उघडावं, कारण गळलेला गॅस खाली साचतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांड्यांचे तळ काळे होऊ लागले, तर बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध किंवा पीठ अडकलं आहे. बर्नर चिंचेच्या गरम पाण्यात भिजवून, भोकं सुईने मोकळी करून, पूर्ण वाळवून बसवावा.

मॉड्युलर किचनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खाडीकाठची हवा त्याला सोसत नाही. सिंकखालचं बंद कपाट, आत प्लायवूड, अंधार आणि पाइपला सुटलेला घाम. झुरळांना याहून चांगली जागा नाही. गावठाणातल्या घरांतल्या उघड्या मांडणीवर भांडी हवेशीर वाळतात. कपाटं आधीच झालेली असतील, तर रात्री सिंकखालची दारं उघडी ठेवावीत आणि भांडी पुसूनच आत लावावीत. ओट्याचं फडकं रोज उकळत्या पाण्यात काढावं आणि पंख्याखाली पसरून वाळवावं. घडी घालून नळावर ठेवलेलं ओलं फडकं ओट्यापेक्षा जास्त अस्वच्छ असतं. सिंक तुंबलं की सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो. दोन्ही एकमेकांना निकामी करतात, फेस तेवढा दिसतो. तेलकट पाइपला धुण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी पुरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला किंवा चिमणीच्या अ‍ॅल्युमिनियम जाळीला मात्र हा सोडा लावू नये, ती काळी पडते. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये; क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

राहिला पाणी बंद असण्याचा दिवस. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं पाणी दूरच्या जलवाहिन्यांतून येतं, आणि दुरुस्ती निघाली की एखादा दिवस नळ कोरडे राहतात. त्या दिवशी मुगाची खिचडी कुकरमध्ये थेट करावी, डबे नकोत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत धरून त्यात खरकटी भांडी भिजत घालावीत, म्हणजे नंतर घासायला निम्मं पाणी लागतं. सोबत भाजलेला पापड, लोणचं, चिरलेला कांदा; तव्याला तर पाणी लागतच नाही. आणि नळ परत आल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येतं. ते फरशी धुवायला वापरावं, पिण्याचं त्यानंतर भरावं आणि त्या दिवशी उकळूनच प्यावं.